चिनी म्हाताऱ्याची मान

८ जुलै, सोम.
मोडली. चिनी म्हाताऱ्याची मान माझ्या हातून मोडली.
संग्रहालयातले चीन-जपानचे कपाट पुसत होते. जपानी पंखा, लाखेचे डबे, निळी बशी, सगळे नीट झाले. शेवटी हा मातीचा म्हातारा, वीतभर उंच, मांडी घालून हसत बसलेला. गळ्यातून बुरशी आलेला कापूस डोकावत होता. चिमट्याने ओढला, तर सगळा बोळाच बाहेर आला. टक्. डोके पुढे कलंडले. पुन्हा बघायचा धीर झाला नाही. दार लावले, कुलूप घातले. आमच्या प्रमुख मॅडम ओरत्तनाडू गावी गेलेल्या, फोन लागेना.
बोळा पाकिटात ठेवलाय, तारीख घालून.
उमेदवारी महिनाअखेर संपते. कायम करायचे की नाही, ते मॅडमच्या शेऱ्यावर. आणि आता हे...

९ जुलै, मंगळ.
सकाळी इडली खाववेना. अप्पांना सांगून टाकले. "दुसऱ्या कुणी बघायच्या आत तूच सांग," म्हणाले. शाळा तमिळ, म्हणून मराठीसाठी घरी देवनागरी गिरवून घेताना त्यांचा नियम होता: चुकलेले खोडायचे नाही, बाजूला बरोबर लिहायचे.
मॅडम दारातच भेटल्या. मी एका दमात सगळे सांगितले, तमिळमध्ये. त्या थेट कपाटाकडे गेल्या.
डोके जागेवर! ताठ.
"मोडलेली मान कुठाय?"
"काल पडली होती, मॅडम. खरंच."
त्यांनी बॅटरीने गळ्यात पाहिले. मग हातमोज्याच्या बोटाने कपाळाला जरासा धक्का दिला. म्हातारा मान हलवू लागला. हो, हो, हो. आत तार, खाली शिशाचा गोळा; त्याच्या वजनाने डोके पुढे कलंडले तरी परत जागेवर येते. डोके हलू नये म्हणून कुणीतरी कधीतरी कापूस कोंबला होता.
मॅडम हसता हसता स्टुलावर बसल्या. "अय्यो! तंजावूरची ना तू? घरात तलैयाट्टी बोम्मै नाही?"
आहे. मान डोलवणारी ती बाहुली टीव्हीवरच आहे. रोज पुसते.
वर 'मोडली' लिहिलेय, ते खोडत नाही. बाजूला लिहिते: मोडली नाही.

१० जुलै, बुध.
काल आठ वाजताच झोपले, मेल्यासारखी. आज दोनदा रसम-भात घेतला.
अप्पांनी आत्याला सांगितलेच. आत्या येता-जाता टीव्हीवरच्या बाहुलीला टिचकी मारते आणि ओरडते, "धाव गं, हिचीही मान गेली!"

२६ जुलै, शुक्र.
तार झिजलीय का, ते बघायला चेन्नईहून तज्ज्ञ येणार. झिजली असेल तर मान पुन्हा बांधून ठेवतील, म्हणजे नवा, स्वच्छ कापूस. मी बोळा काढला ते बरोबर की घाई, हेही तेव्हाच कळेल. मॅडम म्हणतात, विचारून काढायला हवा होतास. खरे आहे.
माझ्यावरचा शेरा सकाळी मुख्य कार्यालयात गेला. काय लिहिलेय, सांगत नाहीत. संध्याकाळी कपाट बंद करताना म्हणाल्या, "त्यालाच विचार की, कायम होशील का."
हातमोजा घालून विचारले. हो म्हणाला.
"मीही सकाळी विचारलं," मॅडम म्हणाल्या, "नवं कपाट मिळेल का. तेव्हाही हो म्हणाला. सात वर्षं मागतेय मी."
त्या किल्ल्या आणायला गेल्या. मी परत एकदा विचारले.