शिवणीतली कविता

ता. ४ मार्च

चि. छकुलीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, फक्त माझं मनगट संपावर गेलंय. आपल्या घराण्याचा वार्षिक अंक मी इतकी वर्षं हाताने लिहून काढला, यंदा ते जमायचं नाही. हे कळल्याबरोबर भाऊजींनी, म्हणजे तुझ्या थोरल्या आतोबांनी, बाह्या सरसावल्या. एप्रिलअखेर अंक निघाला नाही, तर संपादक ते होणार आणि पानोपानी त्यांच्या कविता येणार! मागे एकच घेतली होती, तर तुझे बाबा आठवडाभर माझा फोन उचलत नव्हते.

दिवसभर मी लोकांचे कपडे शिवते गं, पण हा अंक माझा जीव आहे. तू छापखान्यात पानं लावतेस. मला सोपंसं सॉफ्टवेअर सुचव. शिलाई मशीनइतकं सोपं हवं.

तुझी,
आत्या

ता. १२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आमच्याकडचं सॉफ्टवेअर अजिबात घेऊ नकोस. त्यातली निम्मी बटणं मीही घाबरून दाबत नाही. सोबत तीन नावं लिहिली आहेत, तिन्ही फुकट आहेत. जाहिरातीला भुलू नकोस. प्रत्येकात एकच पान लावून बघ, आजोबांचा फोटो आणि शेजारी मजकूर. फोटो सरकवल्यावर मजकूर मुकाट्याने बाजूला झाला, तर ते आपलं.

आणि हो, पानाच्या कडेला थोडी जागा सोड. छापखान्यात कडा कापतात.

मनगटाला शेक दे, आणि माझ्यावर ओरडण्यापुरता जोर शिल्लक ठेव.

तुझी,
छकुली

ता. ६ एप्रिल

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्यात फोटो हलवला, तर आजोबा तिसऱ्या पानावर आणि मजकूर सैरावैरा. दुसरं फारच हौशी निघालं. न विचारता त्याने आजोबांच्या श्रद्धांजलीला रंगीत फुगे लावले! तिसरं मात्र गुणी आहे. चौकट ओढायची, मजकूर भरायचा, कोपरा धरून लांब-आखूड करायची. कापड बेतण्यासारखंच की! सवयीने मी स्क्रीनवर खडूने खुणासुद्धा केल्या.

भाऊजींची एक कविता घ्यावीच लागली, नाहीतर ताई रुसली असती. ओळी इतक्या लांब की पानात मावेनात. पण तू सांगितलेली कडेची जागा होतीच. शिवणीत जादा कापड दुमडतो तशी ओळींची टोकं त्या जागेत सारून दिली. पुढे कधी लागलीच, तर उसवून मोठी करता येतील.

अंक आज छापायला दिला. कशी आहे तुझी आत्या?

ता. ११ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

छापखाना थांबव! ती शिवण नव्हे गं, ती जागा कापून केराच्या टोपलीत टाकतात. उसवायला काही उरत नाही. आतोबांच्या ओळी वाचव, नाहीतर तुझं संपादकपद गेलंच म्हणून समज.

घाईत,
छकुली

ता. २० एप्रिल

सौ. मेहुणीबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अंक पोचला. माझी कविता पाहिली आणि माझा तोल गेला. मी लिहिलं होतं, ‘तू गेलीस की घर रिकामं वाटतं, कारण सोफा दुरुस्तीला गेला आहे.’ तुम्ही छापलंत, ‘तू गेलीस की घर रिकामं वाटतं.’ मी लिहिलं होतं, ‘मी एकटाच बसून दाढी करतो.’ तुम्ही छापलंत, ‘मी एकटाच.’ मी तडक तुमचा राजीनामा मागायला कागद घेतला.

तेवढ्यात तुमची ताई अंक घेऊन आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली की इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच मनातलं बोललो, आणि तेही थोडक्यात. मग तिने ते पान कपाटाच्या दारावर चिकटवलं. मला फार बरं वाटलं हो. सोफ्याविषयी मी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा संपादकपद तुमच्याकडेच राहू द्या. सोबत कवितांचं जाड पाकीट पाठवतो आहे. सगळ्या त्याच सॉफ्टवेअरमधून काढाव्यात, आणि जमलं तर त्याला आणखी थोडं आतून कापायला सांगावं.

लोभ मात्र पूर्ण मापाचा ठेवावा.

आपला,
भाऊजी