आकृती पहिली : निरोगी हृदय

१ जानेवारी १९६७
नवीन वर्ष, नवी वही, नवं मशीन. नांदुऱ्यात ईसीजी मशीन आणणारा पहिला डॉक्टर मीच. बुलढाण्याला एक आहे म्हणतात, पण ते बंद असतं असंही म्हणतात. बोर्ड रंगवायला दिला : डॉ. रंगराव ढोले, हार्ट स्पेशालिस्ट. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तीन महिने काढलेत, उगाच नाही.
संकल्प : मार्चमध्ये अकोल्याच्या डॉक्टरांच्या परिषदेत पेपर वाचणे. रोज पहाटे फिरणे. सौ.वर न चिडणे.

२ जानेवारी
फिरायला गेलो नाही. थंडी फार. हार्टला थंडी वाईट.
पेपरचा सिद्धांत लिहून काढला. हार्ट अटॅक हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग आहे. जो हातापायांनी राबतो त्याला तो होत नाही. बायकांना तर नाहीच, कारण घरकाम म्हणजे अखंड व्यायाम. उपचारही यातूनच निघतो. आधी सहा आठवडे पेशंटला खाटेवर निपचित ठेवायचं, मग त्याला बायकांची कामं लावायची : पाणी शेंदणं, ताक घुसळणं. 'नांदुरा पद्धत' हे नाव सुचलं. सौ.ला वाचून दाखवलं. तिला वाचता वाचता डुलकी लागली होती. म्हणजे मी वाचत होतो, डुलकी तिला.

६ जानेवारी
पहिली आकृती निरोगी हृदयाची हवी. बाकीचे पेशंट तिच्याशी ताडून बघायचे. कंपाउंडर कारभारीला टेबलावर झोपवलं, तर वायरी बघूनच तो थरथरायला लागला. मग सौ.ला माडीवर दवाखान्यात बोलावून तिचं ट्रेसिंग काढलं. कधी आजारी नाही, दिवसभर पायावर उभी. निरोगीपणाचा याहून चांगला नमुना नांदुऱ्यात मिळायचा नाही.
ट्रेसिंग बिघडलेलं आलं. रेघ जिथं वर जायची तिथं खाली गेली. पुन्हा काढलं, तेच. मशीन सदोष आहे. कंपनीला कडक पत्र टाकलं.

११ जानेवारी
कारण सापडलं. सौ.च्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या. धातू आणि करंट यांचं जमत नाही. उतरव म्हटलं, तर म्हणाली, "तुमी असतांनी हात रिकामे करू काय? सक्रांत तोंडावर आली." विज्ञान समजावून सांगितलं. ती वांगी चिरत राहिली.
वर तिनं स्वतःचंच गाऱ्हाणं सांगितलं. जिना चढताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं, डावा हात भरून येतो. साहजिक आहे. पाटल्या जड आहेत.

१५ जानेवारी
काल संक्रांत. हळदीकुंकवाच्या मध्येच सौ. आत जाऊन बसली. घामाघूम. ऐन थंडीत घाम म्हणजे गुळाच्या पाकाजवळ बसल्याचा परिणाम. निदान : पित्त. सोडा दिला. चिडलो नाही. फक्त एवढंच म्हणालो की माझे पाहुणे येतील तेव्हा असं करू नकोस.

२० जानेवारी
आजचा दिवस सोन्याचा. वडनेरच्या बाजूचे बडे शेतकरी पंजाबराव यांना हार्ट अटॅक आला. बैलगाडीत घालून आणले. अगदी पुस्तकात छापावी अशी केस. (पेशंटबद्दल वाईट वाटलं, ते वेगळं.)
त्यांची रेघ हुबेहूब सौ.च्या रेघेसारखी खाली गेलेली. म्हणजे मशीन पंजाबरावांच्या बाबतीत बरोबर आणि सौ.च्या बाबतीत चूक. दोष अधूनमधून येतो तर. कंपनीला दुसरं पत्र.

२९ जानेवारी
पंजाबरावांना सहा आठवडे मान हलवायची नाही असं बजावलं होतं. आज त्यांच्या गावी गेलो, तर फेटा बांधून बैठकीत बसलेले. निवडणूक जवळ आली आहे, सगळ्या पक्षांचे उमेदवार तब्येत विचारायला येतात, आणि पाहुण्यापुढे आडवं पडणं त्यांच्या घरात रीतीला धरून नाही. येईल त्याच्यासोबत चहा. मी रागावलो. मलाही चहा दिला.
तरी तब्येत सुधारते आहे. पद्धत माझी आहे, गुण येणारच.

४ फेब्रुवारी
सौ.नं अखेर पाटल्या उतरवल्या. आधी मनगटाला हळदीचा दोरा बांधला, मग. ट्रेसिंग तेच. किंचित जास्तच वाईट. काय दिसतं, तिनं विचारलं. म्हणालो, तुझ्यात काही नाही, मशीनमध्ये आहे. ती हसली. म्हणाली, "मंग मशीनलेच सोडा द्या."
हसताना तिला दम लागला. बायकांनी फार हसू नये, हे पेपरात घालावं का?

१० फेब्रुवारी
मुंबईहून कंपनीचा मेकॅनिक आला. स्वतःचं ट्रेसिंग काढलं, माझं काढलं, कारभारीचंही काढलं. सगळी स्वच्छ. मशीन उत्तम आहे म्हणाला. सौ. परक्या माणसासमोर टेबलावर झोपणार नाही, त्यामुळे मूळ मुद्दा तपासलाच गेला नाही. मुंबईचं मशीन मुंबईच्या माणसाचं ऐकतं, दुसरं काय. माडीवर व्होल्टेज कमी पडत असावं. कंपनीला तिसरं पत्र.

१८ फेब्रुवारी
सौ. सुस्त झाली आहे. जिन्यात थांबते. स्वयंपाक करताना पाट घेऊन बसते. कारण उघड आहे : पाणी भरायला शालूबाई येते, त्यामुळे व्यायाम तुटला. शालूबाईला महिनाभर सुट्टी दिली. ती पुटपुटत गेली. सौ.नं घागर उचलली.
नांदुरा पद्धत स्त्रीवर प्रथमच. दोन्ही मुली सासरी आहेत ते बरं, मध्ये पडल्या असत्या.

४ मार्च
पंजाबरावांचे सहा आठवडे झाले. ताक घुसळायला बसवलं. गाव बघायला जमलं. त्यांनी दोनदा दोरी ओढली, रवी फेकली आणि सांगितलं, "डॉक्टर, म्या मरन, पन ताक करनार नाही." गाडी जुंपून शेतात निघून गेले. केस हातची गेली. पेपरात 'पूर्ण बरा' असं लिहिलं. गाडी स्वतः जुंपली ना.
सौ. विहिरीवरून येताना मध्येच खाली बसली. पण घागर सांडली नाही. प्रगती आहे.

११ मार्च, अकोला
पेपर वाचला. आकृती पहिली म्हणून सौ.चंच ट्रेसिंग लावलं होतं. खाली टीप : 'निरोगी हृदय (लेखकाची पत्नी), मशीनच्या दोषासह.' वेगळेपणा दिसावा म्हणून.
पुढच्या रांगेत नागपूरचे एक म्हातारे प्रोफेसर पेंगत होते. ही आकृती आली तसे उठले, जवळ गेले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. बाई कुठं आहे, त्यांनी विचारलं. घरी, मी म्हणालो. काय करते? पाणी भरत असेल, म्हणालो. हॉल हसला. प्रोफेसर हसले नाहीत. हळूच म्हणाले, "डॉक्टर, मशीनमध्ये दोष नाही. आजच्या गाडीनं घरी जा. तिला खाटेवर झोपवा आणि पाणी तुम्ही भरा."
नागपूरकरांना दुसऱ्याचं संशोधन खपत नाही. उद्या सकाळी ग्रुप फोटो आहे, मला दुसऱ्या रांगेत खुर्ची दिली आहे. फोटो झाला की निघेन. एका रात्रीनं काय होतं.
जेवणात कढी चांगली होती. झोप येत नाही. बिछाना परका.

१२ मार्च, सकाळी
फोटोग्राफरला उशीर. सकाळची गाडी निघून गेली असेल. उगाच हुरहूर. जाताना सौ.साठी काहीतरी घेऊन जावं म्हणतो. तिला काय आवडतं ते आठवत नाहीये. शालूबाईला परत बोलवायला हरकत नाही, प्रयोग तसा संपलाच.

१२ मार्च, संध्याकाळी
कारभारी स्टेशनवर आला होता. तो कधी येत नाही.

१५ मार्च
लिहिणं आवश्यक आहे म्हणून लिहितो.
ती सकाळी विहिरीवर गेली होती. दुसरी घागर काढून काठावरच बसली. शेजारणींनी धरून घरात आणली. छाती आवळून आली होती. माझी गाडी कधी येते, असं दोनदा विचारलं. कारभारीनं तिला सोडा दिला. मी नेहमी तोच देतो म्हणून. त्याला बोलायला मला तोंड नाही. दुपारच्या आत सगळं आटोपलं. तेव्हा आम्ही फोटोसाठी हलू नका, हलू नका असं ऐकत बसलो होतो.

२४ मार्च
तेरवी झाली. पंजाबराव आले होते. तब्येत खणखणीत. माझा हात हातात घेऊन बसून राहिले.
सगळी पंगत उठल्यावर सौ.ची थोरली बहीण अन्नपूर्णाबाई माझ्यासमोर येऊन बसली. रडली नाही. विचारलं, "तिले काय झालं होतं? तुमाले तं मालूम असन." बाया ऐकत होत्या. अचानक झालं, असं म्हणायचं ठरवलं होतं. म्हणता आलं नाही. हो, मालूम होतं, म्हणालो. ती उठून आत गेली. मला तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

३ एप्रिल
कंपनीचं पत्र आलं. माझ्या वारंवारच्या तक्रारींबद्दल त्यांना खेद वाटतो. हे मशीन परत घेऊन नवीन द्यायला ते तयार आहेत. कारभारीनं विचारलं, उत्तरात काय लिहू? तो कागद पेन घेऊन उभाच होता.
लिही म्हणालो, मशीन चांगलं आहे.