माझं झालं की तुझी

४ मार्च

दादा गेला त्या सकाळी मी दुकानात त्याच्याच पँटचा खिसा शिवत होतो. थोरल्या भावाचे खिसे कधी टिकलेच नाहीत. नटबोल्ट, लिमलेटच्या गोळ्या, कुणाच्या तरी घराची किल्ली — दुसऱ्याला द्यायचं काहीतरी कोंबलेलंच असायचं. निरोप आला. मी टीप शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, मग उठलो. अर्धी टीप टाकून उठणं जमलं नाही.

शेजारणीचं मांजर उतरवायला पत्र्यावर चढला होता. साठी उलटलेला माणूस! मांजर आपलं आपण उतरलं. हा वरच छातीला हात लावून बसला, तो बसलाच.

७ मार्च

लिहवत नाही. पँट दुकानात तशीच टांगलेली.

१५ मार्च

वहिनीने दादाच्या मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. "भावोजी, कुणाला द्यायची ते तुम्हीच ठरवा. घरात शांत माणूस तुम्हीच." शांत म्हणजे भित्रा, हे तिलाही ठाऊक आहे.

त्या गाडीला साइडकार आहे. आम्ही तिला डबा म्हणतो. त्या गाडीवरून दादाने सगळे डोंगर पालथे घातले. मला जन्मभर म्हणत आला, "बस रे डब्यात. ब्रेक माझ्याकडे, देव तुझ्याकडे." मी कधी बसलो नाही. देवाला उगाच कशाला कामाला लावायचं?

१८ मार्च

सकाळी दूधवाला आला. "दादांनी मला शब्द दिलेला. म्हणाले, माझं झालं की गाडी तुझी." डोळे पुसले आणि लगेच टायर दाबून हवा बघितली.

दुपारी पुतणीचा नवरा. "काका, मागायला बरं वाटत नाही. पण बाबा स्वतःच म्हणालेले, माझं झालं की तुझी." बरं वाटत नाही म्हणता म्हणता गाडीवर बसूनही बघितलं.

संध्याकाळी मेकॅनिक. तेच शब्द! वर म्हणाला, "निम्मं इंजिन मीच बदललंय. म्हणजे निम्मी तर आधीपासूनच माझी."

दादाचा हात सढळ, मान्य. पण एक गाडी तिघांना?

२२ मार्च

जावई आणि दूधवाला वहिनीच्या दारात भांडले. पुतणी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, बाबा खोटं बोलायचे का हो?"

गाडीचं काय व्हायचं ते होवो, पण त्याचा शब्द खोटा पडता कामा नये. जपाला बसलो. मणी पुढे सरकत होते आणि ओठांवर येत होतं — माझं झालं की तुझी, माझं झालं की तुझी. देवाने काय अर्थ घेतला असेल कोण जाणे.

२५ मार्च

शेवटी वहिनीपुढे सगळं मांडलं. ती खुर्चीची पाठ धरून वाकली. मला वाटलं, रडतेय. हसत होती.

"अहो भावोजी, गाडी कुणीही मागू दे, ह्यांचं उत्तर एकच. माझं झालं की तुझी. म्हणजे मी जाऊन येतो, मग तू ने. पेपर मागितला तरी हेच. आंघोळीच्या बादलीलासुद्धा हेच!"

म्हणजे कुणीच खोटं नाही. मालकी नव्हतीच, पाळी होती. दादाची संपली, एवढंच.

निघताना ती म्हणाली, "ती पँट जरा कमरेत घ्या. उंचीही कमी करा." मापाला स्वतःचा जुना पायजमा दिला. मी माप वहीत टिपलं. शिंप्याने विचारू नये.

२९ मार्च

तिघांना दुकानात बोलावून सांगितलं. गाडी कुणा एकाची नाही. ज्याचं झालं त्याने पेट्रोल भरून पुढच्याला द्यायची.

"मग पहिली पाळी कुणाची?" जावई.

"वहिनीची."

दूधवाला हसला. "वहिनी काय, डब्यात बसून वल्हवणार?"

मी पँटला इस्त्री करत होतो. करत राहिलो.

ते गेल्यावर वहिनी पँट न्यायला आली. म्हणाली, "उद्या येता का? डबा रिकामा बरा दिसत नाही." येतो म्हणालो. शब्द तोंडातून निघून गेला.

३० मार्च

आज डब्यात बसलो. घरी येऊन जेवण झालं तरी अक्षर हलतंय.

वहिनी चालवत होती. दादाची पँट, दादाचा वेग. घाटातल्या पहिल्याच वळणावर मी डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं.

"अगदी ह्यांच्यासारखं," ती वाऱ्यातून ओरडली. "घाट लागला की गाडी माझ्या हातात द्यायचे आणि डब्यात बसायचे. ह्याच वळणावर डोळे मिटून म्हणायचे — ब्रेक तुझ्याकडे, देव माझ्याकडे."