काढ्याचा पेला

मंगळवार, संध्याकाळ. बेंबळी

मला ल्युपस हा आजार झाल्याचं कळल्यापासून सासूबाई मळ्यातल्या कडुलिंबावरची गुळवेल उकळून रोज काढा देतात. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. तो कडू पेला मी निमूट पीत आले. आज धाराशिवला डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितला. घरी आले तर पेला भरून तयार. आता सासूबाईंना कसं सांगू?

शेवटी सांगून टाकलं. "आत्या, माझी प्रतिकारशक्ती कमी नाही, जरा जास्तच जागी आहे. रक्तात काही पेशी राखणीला असतात. विषाणू आला की त्या इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात आणि सगळ्या अंगाला सावध करतात. माझ्या पेशी मात्र माझ्याच मोडक्या पेशींचा कचरा दिसला तरी हाकाटी करतात. काढ्यानं त्या आणखी चेततात, म्हणून डॉक्टरांनी तो बंद करून त्यांना शांत करायची गोळी दिलीय."

खरं तर मला त्या पेशींचं कौतुकच वाटतं. एवढ्या मोजक्या, आणि अख्खं शरीर उठवतात. रागवावं तरी कुणावर?

सासूबाईंनी भरला पेला उचलून घेतला. मन दुखावलं असेल का? उद्या सांगितलं असतं तर?

मग त्या म्हणाल्या, "इमानी हायेत गं बिचाऱ्या. घरचं माणूस वळखू येईना त्यांस्नी, एवढंच."

काढा त्यांनी मोरीत ओतला. पेला घासला, त्यातच पाणी आणलं आणि डॉक्टरांची गोळी माझ्या हातावर ठेवली.

"घे. लई जागल्यात त्या. झोपू दे जरा."