मुडपलेला अंगठा

प्रिय ताई,

पत्र पाहून तू म्हणशील, याला फोन करायला काय धाड भरली? पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? जेवलास का, पोट किती सुटलंय, बायकोशी भांडलास का, एवढं विचारून झालं की नेमकं तुझ्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक येतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

डॉक्टर होऊन मी पेशंट तपासत नाही, हे तुला कधीच पचलं नाही. आज नीट सांगतो. सोरायसिसमध्ये शरीराची राखणदारी करणारी फौज घरच्यांवरच उलटते. आधी कोपरांवर खपल्या धरतात, शिवताना तू बोटात घालतेस त्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे नखांवर पडतात आणि काहींचे सांधे सुजतात. माणूस कातडीच्या डॉक्टरकडून हाडांच्या डॉक्टरकडे खेटे घालत राहतो, आणि तोवर झिजलेला सांधा काही परत येत नाही. यावरच्या एका नव्या इंजेक्शनची आम्ही परीक्षा घेतोय. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. कोणाला काय, हे मलाही ठाऊक नसतं. गावोगावच्या दवाखान्यांतून हातांचे फोटो येतात, नावाशिवाय. सूज किती, नखं कशी, ते पाहून मी गुण देतो. आता लग्नकार्यातही माझी नजर आधी लोकांच्या नखांवर जाते आणि बायको चिमटा काढते.

तुझे फोटो आठवतायत का गं? आई गेल्यावर तू शिवणावर बसलीस आणि कात्रीने तुझ्या अंगठ्याला घट्टा पाडला. तेव्हापासून प्रत्येक फोटोत तू अंगठा मुठीत मुडपून उभी. माझ्या पदवीच्या फोटोत तर असं वाटतं की तू कोणाचं तरी काही लपवून पळणार आहेस. त्यावरून मी तुला इतकं चिडवलं, पण त्याच घट्ट्यावर माझं शिक्षण झालं, हे काय मला कळत नव्हतं?

गेल्या आठवड्यात एक फोटो समोर आला. दोन बोटं मुळापासून टोकापर्यंत सुजलेली, नखांवर खळगे, नखात निळ्या खडूची रेघ. हात पालथा, सरळ ठेवायचा असतो. या बाईने अंगठा आत मुडपून घेतला होता. ताई, मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्या का घालतेस, काजं करायचं काम का सोडलंस, सगळं एकदम उमगलं. मला रडू आलं, आणि तुझा रागही आला.

मी भाऊजींना फोन केला. आधी त्यांनी आढेवेढे घेतले, मग बोलले. तू या इंजेक्शनच्या अभ्यासात नाव घातलंस तेव्हा तो माझा आहे हे तुला माहीतच नव्हतं. मागच्या खेपेला दवाखान्यातल्या फलकावर माझं नाव वाचलंस आणि तिथूनच माघारी फिरलीस. आता कोणाच्याच हातचं औषध नको म्हणून घरी बसलीस. भाऊजींनी समजावलं तर म्हणालीस, "माझ्या बोटांपायी त्याच्या कामाला बट्टा लागायला नको."

तुझी भीती अगदीच खोटी नव्हती, म्हणून हे पत्र. ओळखीचा हात दिसला की गुण देताना मन झुकू शकतं, म्हणून सांगून बाजूला व्हायचं, हा आमचा नियम आहे. त्याच दुपारी मी ते सांगितलं. तुझा एक फोटो सोडून भागलं असतं, पण तुला पटलं नसतं, म्हणून सगळेच फोटो पाहणं सोडलं. आता ते माझा सहकारी पाहील; भारी खडूस आहे, सख्ख्या आईलाही अर्धा गुण जास्त द्यायचा नाही. इतकी वर्षं जे काम केलं ते दुसऱ्याच्या हाती देताना वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण तुझा हात अजून वाचण्यासारखा आहे, हे मी त्या फोटोत पाहिलंय. तू परत जा. अभ्यासात राहायचं नसेल तर तिथल्या डॉक्टरीणबाई नेहमीची औषधं सुरू करतील, ती पक्की आहेत. फक्त घरी बसू नकोस. आणि पुढच्या खेपेला फोटो काढताना अंगठा बाहेर ठेव. मी बघणार नाहीये.

तुझ्या कापडाच्या कपट्यांत वाढलेला, तुझाच
ढब्बू