गाऱ्हाण्यातून गळलेली बहीण

बोरिवली,
डिसेंबर १९८५

चि. लवूस,

मी जानकी. तुझी बहीण. थोरली. एकच आहे, तेव्हा कोणती म्हणून प्रेमाला विचारत बसू नकोस. (प्रेमा म्हणजे तुझी बायको. हेही लिहून ठेवलेलं बरं.) चष्मा शोधत असशील तर कपाळावर हात लाव, तिथेच असेल. सापडला? आता पुढे वाच. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे, खोकला गेला की अजून आहे, म्हैस व्याली की नाही, हे सगळं विचारलं असं समज. प्रेमाला आणि पोराबाळांना माझे आशीर्वाद. तुलाही देते, पण या वेळी जरा हात आखडून. इथे सगळी खुशाल आहेत, मी सोडून, आणि मी का नाही तेच सांगायला हा कागद घेतलाय.

अक्षर शेजारच्या रीटाचं आहे. मला अजून पेन कुठल्या टोकाने धरतात ते ठाऊक नाही, आणि आता शिकून कुणाला दाखवू? घरच्या माणसाकडून हे पत्र लिहून घेण्यासारखं नाही. सगळ्यांना सांगितलंय की मी रीटाला बांगड्याच्या लोणच्याची कृती सांगतेय. आमची सून सुलक्षणा आत्ताच दोनदा डोकावून गेली. एवढं लांब लोणचं असतं का, म्हणून विचारत होती. (रीटा हसतेय. लिही गं, हात थांबवू नकोस.)

तर मूळ गोष्ट. आमच्या जयवंताच्या, म्हणजे तुझ्या भाच्याच्या, डोक्यात दिवाळीपासून भरलंय की या थंडीत आपल्या देवीच्या जत्रेला सगळ्यांनी मिळून गाडीने जायचं. रीटाचा भाऊ व्हिक्टर मेटॅडोर चालवतो, तो गाडी आणणार. इथवर झकास. संध्याकाळी एसटीत बसलं की सकाळी तुझ्या दारात उतरता येतं, तसंच ही गाडीही हायवेने आली असती. पण जयवंताच्या ऑफिसात विद्याधर नावाचा एक गृहस्थ आहे, त्याच्याकडे नकाशा आहे. पनवेलच्या पुढे तो कधी गेलेला नाही, म्हणूनच बहुतेक नकाशा इतका कोरा करकरीत राहिलाय. तो म्हणाला, हायवेने काय लॉरीवालेही जातात, खरी मजा समुद्राच्या कडेने. आता समुद्राच्या कडेने जायचं तर मध्ये खाड्या येणार, आणि खाडी आली की तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, आली. तरीवर दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकतात, तुमच्याकडे त्याला जंगार म्हणतात, त्यावर गाडी चढवायची, गाडीत आपण बसायचं आणि डोळे मिटायचे. अशा तीन खाड्या. म्हणजे दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करायची आणि उरलेली पाण्यावर हलवून घ्यायची. व्हिक्टर बिचारा एकदाच बोलला की गाडी बापाची आहे, पाण्यात गेली तर बाप मला पण तिच्या मागून पाठवील. त्याला चहा देऊन गप्प केलं.

दर रविवारी आमच्या घरी बैठक भरते. मी तांदूळ निवडायला घेतले की त्यांच्यावरच नकाशा पसरतात. खाडी कुठे, बंदर कुठे, हे दाखवायला विद्याधर मी वेचून काढलेले खडेच उचलून मांडतो आणि उठताना सगळे सरसकट ताटात ढकलतो. परवा जयवंताच्या दाताखाली खडा आला. मी म्हटलं, चावू नकोस रे, दुसरं बंदर असेल. कुणी हसलं नाही. या घरात आता कुणी हसत नाही, सगळे नियोजन करतात. सुलक्षणाने थंडीचे म्हणून सगळ्यांना स्वेटर विणायला काढलेत. जत्रेच्या गर्दीत, भर दुपारी, आपल्या गावात स्वेटर! देवीलाच घाम फुटेल. (माझा विणलेला नाही. का, ते आता येतंय.)

निघण्याआधी देवीची परवानगी हवी, ही एवढी एक गोष्ट जयवंताला माझी पटली. त्याने तुला लिहिलं की मामा, आम्ही सगळे येऊ का, तेवढा कौल लावून घ्या. तू देवळात गेलास, गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि तुझं कार्ड आलं की कौल डावो पडलो, देवी नाय म्हणता. बस्स, एवढंच. पुढे पावसापाण्याचं आणि म्हशीचं.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? पुन्हा विचारील. पण यांची बैठक भरली. नकाशा पुन्हा तांदळावर. विद्याधराने डोकं चालवलं की आपण विचारलं होतं 'सगळे येऊ का', देवी म्हणाली नाही, म्हणजे सगळे नकोत, एखादा कमी चालेल. आणि लवू, काय सांगू, विद्याधराने माझ्याकडे पाहिलं. मग जयवंताने माझ्याकडे पाहिलं. सुलक्षणाने आधी कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाडीत जागा कमीच पडत होती. स्टोव्ह घ्यायला हवा, वाटेत चहा कोण देणार? टेपरेकॉर्डरही हवा. म्हातारी काय, घरी राहील, दूध घेईल, टीव्ही बघेल. तर असं ठरलं की माझ्या माहेरी, माझ्या भावाच्या घरी, माझ्या देवीच्या जत्रेला माझ्या जागेवर बसून रॉकेलचा स्टोव्ह जाणार.

मी ओरडले, तर जयवंत म्हणतो, तुला होडी सोसायची नाही गं आई. मला! जिचं अर्धं बालपण तुला बखोटीला धरून तरीतून पलीकडे नेण्यात गेलं, तिला! तेव्हा मी म्हटलं, परीक्षा घ्या. म्हणून गेल्या रविवारी सगळी वरात मालाडवरून मार्व्याला गेली. तिथे मनोरीला जायची होडी असते, ती तालमीला घेतली. मी फळीवर बसले, पदरात भाजलेले शेंगदाणे. होडी निघाली, जरा लाट आली, आणि विद्याधराचा रंग दुधी भोपळ्यासारखा झाला. जयवंत म्हणाला, दूर क्षितिजाकडे बघा म्हणजे काही होत नाही, आणि हे सांगता सांगताच तो स्वतः कडेला वाकला. सुलक्षणा त्याची पाठ चोळत होती, तिची पाठ चोळायला मी होते. माझी पाठ चोळायची वेळ कुणावर आली नाही. मनोरीला उतरल्यावर दोघे पुरुष वाळूत आडवे झाले आणि तिथल्या कोळणी त्यांना बघायला जमल्या. संध्याकाळी घरी आल्यावर लिंबू सरबत पीत जयवंत काय म्हणाला असेल? बघ आई, आम्हांला एवढं होतं, तर तुझं या वयात काय होईल!

आता तुझ्याकडे येते. काल आपल्या गावचा धोंडिराम मला भेटून गेला. मालाडला लेकीकडे आला होता. तू कौल लावलास तेव्हा तो देवळातच होता. गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाचं नाव देवीच्या कानावर घालावं लागतं, हे तुला मी सांगायला हवं का? तू जयवंताचं नाव सांगितलंस. सुलक्षणाचं, मुलांचं. विद्याधराचं सांगितलंस, ज्याला देवी ओळखत नाही. ड्रायव्हर व्हिक्टर म्हणून किरिस्तावाचंही नाव घेतलंस, चांगलं केलंस. गाडीचा नंबरसुद्धा सांगितलास म्हणे! आणि मी? मेल्या, मी राहिले. तिथली मुलगी वगळून परक्यांची गाडी येतेय म्हटल्यावर देवी दुसरं काय बोलणार? म्हणजे देवी नाही म्हणाली ती मी नव्हते म्हणून, आणि यांनी मला काढलं ती नाही म्हणाली म्हणून. ही गाठ तूच मारलीस, तूच सोड.

तुझे भावोजी गेल्यापासून मी गावाला आलेली नाही. देवीपुढे नारळ ठेवायचाय. आणि तुझ्याशी समोर बसून भांडायचंय रे, ते किती वर्षांचं साठलंय. पत्रातून भांडण होत नाही. मी सांगते त्यातलं निम्मं रीटा साखर लावून लिहिते. (लावते की नाही गं? बघ, गप्प बसली.) पुढच्या वर्षी मी असेन, तू असशील, पण कोण कुणाला ओळखेल याची मला तुझ्याकडून तरी खात्री नाही.

बाकी क्षेम. म्हशीला पेंड घालत जा.

तुझी बहीण (एकच),
जानकी

ता. क. पुन्हा देवळात जा आणि माझं नाव घेऊन कौल लाव. सगळ्यांच्या आधी घे, शेवटी ठेवलंस तर विसरशील. खोटं काही करू नकोस, देवीशी मला लबाडी नको. पण पाकळी खाली पडायला वेळ लागला तर थांब. आणि डावी पडली तर गुरवाला म्हणावं, वारा होता, परत लाव.

ता. क. दुसरा. मार्व्याला मलाही थोडं गरगरलं होतं. तोंडात आवळासुपारी होती म्हणून निभावलं. हे रीटाला आत्ताच कळतंय, तुला कळतंय, तिसऱ्याला कळता कामा नये.

ता. क. तिसरा, आणि खरा. कौल काय आला ते पत्राने कळवू नकोस. इथे पत्र आधी जयवंत वाचतो आणि मग त्याला हवं तेवढं मला ऐकवतो. धोंडिराम पुढच्या आठवड्यात गावाहून पुन्हा येणार आहे, त्याच्या हातून खाऊ पाठव, तेवढं मला वाचता येतं. कौल उजवा असेल तर जत्रेतलं गुळाचं खाजं पाठव, आलं घातलेलं. डावा असेल तर कुळथाचं पीठ पाठव. आणि लवू, घरात कुळथाचं पीठ डबाभर आहे, आणखी ठेवायला जागा नाही.