पिवळ्या भांड्यातला सांबार

आर्वी, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून भणभणून राह्यलं.

भावाच्या लग्नासाठी पंधरा दिवस सिंदीले माहेरी काय गेली, तर इकडे सासूबाईनं पोरीच्या पॉटीत, त्या पिवळ्या भांड्यात, माती भरून धणे पेरले. सांबार लावला म्हणे, कोथिंबीर! घरात दुसरं भांडं नव्हतं?

महिनाभर मागे लागून छकुलीले त्यात बसायले शिकवलं होतं. आज घरी आल्याबरोबर ती अंगणात पळाली, पिवळं भांडं दिसलं, चड्डी काढली अन् बसली. कोणी न सांगता, पहिल्यांदाच! मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात बुढी ओरडली, "काऊन वं, घाणेरडी कुठली! माह्या सांबारात बसून राह्यली!" अन् पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

पोरीचं काय चुकलं? भांडं तर तिचंच.

मी म्हटलं, "आई, माती तुम्ही भरली, अन् मार पोरीले काऊन?" मग जुंपलीच. नवरा मोबाईलात तोंड घालून बसला.

पिवळं भांडं आता भिंतीवर चढवलं आहे, पोरीचा हात पुरणार नाई असं. बुढीचा सांबार सुखरूप.

छकुली मघाशी जवळ आली, हळूच म्हणाली, "आई, डायपर घाल."